उल्हासनगर ते कुळगाव, मोटारीने चार दिवस

आमच्या ओळखीतले लोक काशीला जाऊन येतात, एखादा विलायतेला जाऊन येतो, आणि परत आला की वही उघडून लिहायला बसतो. मी उल्हासनगरहून कुळगावला आलो. अंतर आठ मैल. आगगाडीने आलात तर पान जमवून तोंडात घालेपर्यंत कुळगावचं स्टेशन, म्हणजे बदलापूर, येतं. मला, गाडी माझी होईपर्यंत धरून, चार दिवस लागले. एवढ्याशा प्रवासाचं काय मेलं वर्णन करायचं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी तो दोन माणसांच्या, उघड्या, जुन्या, शर्यतीच्या विलायती मोटारीतून आधी करावा आणि मग माझ्याशी बोलावं.

मी गुरांचा डॉक्टर. कुळगावात आमचा सरकारी दवाखाना आहे आणि आसपासची गावं, पाडे, डोंगरातल्या वाड्या, सगळीकडची गुरं माझ्याकडे. गेली कित्येक वर्षं मी सायकलवर फिरत होतो. मागच्या पावसाळ्यात मांजर्लीच्या ठकूबाईच्या म्हशीने, तिचं नाव चांदणी, माझ्या उजव्या गुडघ्यावर अशी सणसणीत लाथ घातली की सायकल सुटली ती सुटलीच. चूक माझी होती, मागून गेलो. पण ठकूबाईने ते फार मनाला लावून घेतलं. दर आठवड्याला ताकाचा लोटा घेऊन येऊन ती गुडघ्याची चौकशी करायची आणि जाताना चांदणीला शिव्या घालायची.

मग ठाण्याहून पत्र आलं. डॉक्टरांना फिरती होत नसेल तर त्यांना ठाण्याच्या कचेरीत टेबलावर बसवण्यात येईल. येत्या सोमवारी साहेब स्वतः कुळगावास येतील, त्यांना स्वतःच्या वाहनाने फिरती करून दाखवावी. 'स्वतःच्या' या शब्दाखाली रेघ मारलेली. आता टेबलाशी माझं काय वाकडं आहे? काही नाही. पण टेबल हंबरत नाही, त्याला ताप येत नाही, आणि बरं झालं म्हणून ते हात चाटत नाही. मला ठाण्याला जायचं नव्हतं. अगदी स्पष्ट सांगतो, त्या पत्राने माझी झोप उडाली.

मोटार चालवायला मी कल्याणच्या पुतण्याच्या लॉरीवर शिकलो होतो, लायसनही काढलं होतं. वाहन तेवढं मिळेना. शेवटी कळलं की उल्हासनगरला एक सिंधी गृहस्थ जुनी गाडी विकतायत आणि कुणी घेत नाही, कारण तिच्यात जागाच दोन. आमच्या घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "दोन? म्हणजे तुम्ही आणि तुमची औषधाची पेटी. छान आहे. माझा विचार केलेला दिसतोय."

शुक्रवार, उल्हासनगर

त्या सिंधी गृहस्थांचं, टेकचंददादांचं, घर म्हणजे निर्वासितांच्या कॅम्पातल्या जुन्या लष्करी बराकीतल्या दोन खोल्या. पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत ताडपत्रीखाली गाडी. माणसं उन्हात बसलेली, गाडी सावलीत.

मी गेल्याबरोबर पापड आणि पाणी आलं. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा देतात, इथे भाजलेला पापड. घसा कोरडा पडलेला असताना पापड काय खायचा, असं मनात आलं, पण खाऊन पाहिला तर चक्क छान लागतो. तीन खाल्ले. चौथा दादांच्या बायकोने, दादींनी, न विचारता ठेवला.

दादा पासष्टीचे, उंच, पांढरा लेंगा आणि डोळ्यांना जाड चष्मा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले होते, म्हणून गाडी विकायची. हे मूळचे कोटरीचे, सिंधू नदीच्या काठचे. फाळणीनंतर कराचीहून जहाजाने आले. दादींनी पहिल्या पाच मिनिटांत मला त्या जहाजाची सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या घरी मोठा लाकडी झोपाळा होता, पितळी कड्यांचा, त्याला त्या 'हिंदोरा' म्हणतात. लग्नात आलेला. जहाजावर अवजड सामान एकच घेता येत होतं. झोपाळा तरी, नाही तर गाडी.

"और ये क्या ले आया? डब्बा!" दादी म्हणाल्या. "आठ साल हो गये, डाक्टर साहब. मैंने इस डब्बे में पाँव नहीं रखा."

दादा माझ्याकडे बघून नुसते हसले. त्या हसण्यात आठ वर्षांची सवय होती.

ताडपत्री काढली. मेंदीसारखा हिरवा रंग, लांब नाक, वर कापडी टप, मागे उभं बांधलेलं जादा चाक. उंची माझ्या कमरेएवढी. कल्याणच्या लॉरीत चढावं लागतं, हिच्यात उतरावं लागतं. माझ्या गुडघ्याला हे जमेना, तेव्हा दादांनी युक्ती शिकवली. आधी पाठ करून बूड टेकायचं, मग दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलून आत ठेवायचा. मी बसलो आणि एकदम मला कोंबड्यांच्या उंचीवरून जग दिसायला लागलं.

किमतीचं बोलणं चट्कन संपलं. मग दादांनी सीटखालून एक लोखंडी हँडल काढलं. गाडीच्या नाकात घालून गरागरा फिरवायचं, की ती सुरू होते. बटणाने सुरू व्हायची सोय होती, पण ते बटण मनात आलं तर ऐकायचं. खरी भिस्त हँडलवर.

"सुनो डाक्टर साहब," दादा म्हणाले, "पैसा तुमने दे दिया, ठीक है. लेकिन जब तक ये हँडल मेरे पास है, गाडी मेरी है. तुम चलाओ, मैं बाजू में बैठूँगा. तुम्हारे घर तक चलूँगा. दिल ने माना तो हँडल तुम्हारा. नहीं माना तो पैसा वापस, गाडी वापस."

"अहो पण सोमवारी माझा साहेब येणार आहे!" मी म्हटलं आणि पत्राची सगळी गोष्ट सांगितली. दादांनी शांतपणे ऐकून घेतली.

"अच्छा है," ते म्हणाले. "सोमवार तक मालूम पड जायेगा." मी अट कबूल केली.

मला वाटलं, आता निघू. छे! त्या दिवशी गाडी चालवायचीच नाही, असा त्यांचा नियम. पहिला दिवस नुसतं बसायचं. डोळे मिटून गिअर कुठे, ब्रेक कुठे, भोंगा कुठे, हे हाताला पाठ करायचं. दुपारभर मी त्या पडवीत डोळे मिटून बसलो होतो आणि कॅम्पातली येणारी-जाणारी मंडळी थांबून बघत होती. एका म्हातारबाबांनी तर दादांना विचारलं की बिचाऱ्याला दिसत नाही का.

शनिवार, अंबरनाथ

सकाळी दादींनी वाटेसाठी कोकी बांधून दिली. कोकी म्हणजे कांदा-मिरची घालून तुपावर भाजलेली जाड पोळी, आपल्या दशमीची तिखट बहीण. तीन मैलांवरच्या अंबरनाथला जायला आम्हाला नऊ कोक्या दिल्या होत्या. दोन दिवस टिकतात, असं त्या म्हणाल्या. माझ्या चालवण्याविषयी त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा होता.

कॅम्पातून बाहेर पडायलाच तास लागला. ही गाडी एकट्या दादांची नव्हतीच, सगळ्या कॅम्पाची होती. निम्म्या पोरींच्या वराती हिच्यातून निघालेल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हात करायचं, दादा थांबायला सांगायचे, आणि मग बायका गाडीच्या नाकावरून हात फिरवून काहीतरी सिंधीत पुटपुटायच्या. एकीने तर पदराने आरसा पुसला आणि डोळेही पुसले. मला उगीचच अपराधी वाटायला लागलं. लेकीला सासरी नेणाऱ्या व्याह्यासारखा मी ताठ बसून राहिलो.

उघड्या रस्त्याला लागलो आणि पायाखाली जरा जोर दिला मात्र, माझी काळी टोपी उडाली. थेट शेतात. थांबून आणली, पुन्हा घातली, पुन्हा उडाली. तिसऱ्या वेळेला दादांनी ती काढून स्वतःच्या मांडीखाली दाबली आणि वर बसले. हँडल मांडीवर, टोपी मांडीखाली. लॉरी डुलत डुलत जाते, ही नुसती पळायलाच टपलेली. वळणावर मी घाबरलो की जोरात "हो, हो, हो" म्हणायचो. बैल थांबवायला म्हणतो तसं. गाडी ऐकायची नाही. मग ब्रेकची आठवण व्हायची.

"किससे बात करते हो?" दादांनी दोन-तीनदा विचारलं.

अंबरनाथच्या स्टेशनाजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याने हाक मारली. त्याच्या गाईच्या कासेला सूज होती आणि गाय तिथेच झाडाखाली बांधलेली होती. मी गाडी थांबवली, बंद केली, खाली उतरलो आणि गाईकडे गेलो. दादा पाणी प्यायला उतरले होते. आता खरं सांगायचं तर मी हातब्रेक ओढलाच नव्हता. जन्मभर मी बैलगाडीतून उतरत आलोय. जू खांद्यावर असलेला बैल मालक येईपर्यंत जागचा हलत नाही. गाडीही उभी राहील, असं मी धरून चाललो. रस्त्याला उतार होता.

"साईं! गाडी!" अशी दादांची आरोळी ऐकली तेव्हा गाडी कुणालाही न घेता, डौलात, स्टेशनच्या दिशेने निघालेली. पुढे मुंबईला जायच्या गवताच्या गाठी रचलेल्या होत्या. तिने आपलं नाक त्यात पार गळ्यापर्यंत खुपसलं आणि उभी राहिली. चरायला लागल्यासारखीच दिसत होती. लोक पोट धरून हसत होते. मीही हसलो असतो, पण दादांचा चेहरा पाहिला.

ते धावत गेले होते. चष्मा नाकावरून घसरलेला, पांढरा लेंगा धुळीने भरलेला. त्यांनी गाडीच्या अंगावरून, चाकांवरून, दिव्यांवरून हात फिरवून पाहिलं. काही झालं नव्हतं. गवताचं भलं होवो.

"आज और नहीं," ते म्हणाले. "डर गयी है."

गाडी डर गयी है! पण मी काय बोलणार? आजवर घाबरलेल्या जनावराला त्याच दिवशी पुन्हा जुंपू नका, असं मी शंभर जणांना बजावलेलं. मुक्काम अंबरनाथला मेहुण्याकडे पडला. त्याने श्रीखंड केलं होतं, पण माझं लक्ष दादांच्या उशाशी ठेवलेल्या हँडलकडे. मला ठाण्याचं टेबल स्पष्ट दिसायला लागलं, खणांसकट.

रविवार, मांजर्ली

सकाळी निघालो. हातब्रेक मी दर शंभर हातांवर चाचपून बघत होतो. गाडी मात्र रात्रीत सुधारली होती, की मी सुधारलो होतो, कोण जाणे. मऊ चालली. अंबरनाथ सोडल्यावर उजवीकडे भाताची खाचरं, कापणी होऊन गेलेली, आणि समोर बदलापूरचे डोंगर. मी पहिल्यांदा एका हाताने चालवून दुसऱ्या हाताने कोकी खाल्ली. दादांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. मनातल्या मनात मी हँडल घेतलंसुद्धा.

सरळ कुळगावला घरी जायला हवं होतं. पण उद्या साहेबांना कुठली गावं दाखवायची, तिथवर गाडी जाते की नाही, हे पाहावं म्हणून मी नदीकडे मांजर्लीचा रस्ता धरला. रस्ता कसला, बैलगाडीच्या चाकोऱ्या. गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासत होतं, ऊन चढलेलं, आणि ठकूबाईच्या घरापाशी पोचेपर्यंत नाकातून वाफ यायला लागली.

ठकूबाई दारातच होती. चांगली थोराड बाई, नऊवारी कासोटा घट्ट मारलेला, आवाज नदीपलीकडे जाईल असा. "डाक्तर! ही तुमची गारी?" म्हणून ती भोवती दोन फेऱ्या मारून आली. "बाय बाय बाय! आन ही काय धाप टाकते?"

"तापली आहे," मी म्हटलं. "थंड झाली की ठीक होईल. हात लावू नका."

तेवढ्यात वरच्या शेतावरून निरोप आला की एक बैल पाय टेकत नाही. मी पेटी घेऊन निघालो. दादा आंब्याखाली टेकले आणि हँडल पोटाशी धरून लगेच घोरायला लागले. बैलाच्या खुरात बाभळीचा काटा होता. काढून, धुऊन, औषध लावून तासाभराने परत आलो. आंबा होता, दादा होते, घोरणं होतं. गाडी नव्हती.

हातब्रेक? ओढला होता. शपथेवर सांगतो. मग गेली कुठे? तेवढ्यात दादा जागे झाले, त्यांनी चष्मा लावला, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

जमिनीवर चाकांच्या खुणा होत्या. त्या धरून आम्ही दोघे चाललो. खुणा गुरांच्या वाटेने थेट नदीवर गेल्या.

उल्हास नदीत, डोहाच्या कडेला, आठ-दहा म्हशी बसलेल्या होत्या. नुसती शिंगं आणि नाकं वर. आणि त्यांच्या मधोमध माझी गाडी. सीटपर्यंत पाण्यात. पुढच्या दांड्याला दावं बांधून ते काठच्या खुंट्याला अडकवलेलं. शेजारी चांदणी रवंथ करत बसलेली. ठकूबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून पेंढ्याच्या बोळ्याने गाडीची पाठ खसाखसा घासत होती.

"ठकूबाई!!" मी ओरडलो. असला आवाज माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

तिने वर पाहिलं. तोंडभर हसली. "आला का डाक्तर? तापली व्हती ना बिचारी! तुमी गेलाव आन ती उनात उभी. म्हस तापली का आमी काय करतो? पान्यात सोरतो. आतला दांडा खाली केला आन चौघा जनांनी ढकलून आनली, अलगद. बगा कशी गार झाली! आमच्या चांदनीनं तुमचा गुरगा मोरला ना, तर म्हनलं एवरी तरी शेवा करू."

रागावणार तरी कुणावर? म्हैस तापली की पाण्यात घाला, हे मीच या गावाला दर उन्हाळ्यात सांगत आलो होतो. सोमवार संपला, साहेब संपला, आणि हँडल तर आता कुठलं मिळतंय! दादांकडे बघायची हिंमत होईना.

दादा हळूहळू काठावर गेले. जोडे काढले. पाण्याकडे बघत राहिले.

"ये कौन सी नदी है?" त्यांनी विचारलं.

"उल्हास," मी म्हटलं.

"उल्हास? हमारे उल्हासनगर का उल्हास?" ते वळले. "आठ साल से मैं वहाँ रहता हूँ. मैं समझता था वो जो वालधुनी का नाला है, वही होगी."

त्यांनी लेंगा वर केला आणि पाण्यात पाऊल टाकलं. मग दुसरं. पाणी वाहतं होतं, थंड होतं. ते तसेच गाडीपर्यंत गेले, एका म्हशीला बाजूला सारून तिच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेलो तेव्हा कळलं की हा माणूस रडतोय.

"डाक्टर साहब," ठकूबाईकडे हात करून ते मला म्हणाले, "इनको बोलो, थोडा चावल देगी? थोडी शक्कर?"

मी विचारलं. ठकूबाई काहीही न विचारता घरी गेली आणि वाटीत तांदूळ आणि गूळ घेऊन आली, साखर नव्हती म्हणून. दादांनी डोक्यावर रुमाल घेतला, वाटी दोन्ही हातांत धरली आणि तांदूळ-गूळ हळूहळू पाण्यात सोडले. कोटरीला ते दर रविवारी याच गाडीतून सिंधूवर जायचे आणि असेच तांदूळ सोडायचे. अखो म्हणतात त्याला. नदीला आपला घास. तिकडून निघाल्यापासून आजच पहिला.

"आमीबी नारल सोरतो नदीला," ठकूबाई म्हणाली. "नदीचा तिला द्यायाच लागतो." आणि दोघं एकमेकांची भाषा न कळता बराच वेळ बोलत राहिली.

मग गाडी बाहेर काढली. आणि खरी मेहनत सुरू झाली, कारण ती सुरू होईना. दादांनी टोपण उघडलं. तेलात पाणी गेलं नव्हतं, एवढं नशीब. पण बाकी सगळं ओलं. सीटा काढून पेंढ्याच्या उडवीवर वाळत घातल्या. वायरी ठकूबाईच्या धुवट लुगड्याने पुसल्या. चारही प्लग तिने तव्यावर तांदळाच्या भाकरीशेजारी भाजले आणि भाकरी उलटताना प्लगही उलटले. आम्ही त्याच भाकऱ्या सुक्या बोंबलाच्या कालवणाशी खाल्ल्या. दादा मासे खातात हे मला तिथेच कळलं. सिंधूचा पल्ला मासा काय असतो, हे ते अर्धा तास सांगत होते.

ऊन कललं तेव्हा दादांनी मला हँडल दिलं. "सिर्फ घुमाने के लिए," हे लगेच सांगितलं. "अँगूठा बाहर. अंदर रखोगे तो लात मारेगी."

लाथेविषयी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. अंगठा बाहेर ठेवून फिरवलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. सातव्या वेळेला गाडी शिंकली, ठसकली, पाण्याचा फवारा उडाला, आणि ती धडधडायला लागली. मांजर्लीतल्या सगळ्या म्हशी एकदम उठून उभ्या राहिल्या. मी आनंदाने ओरडलो. दादांनी हात पुढे केला, आणि मी मुकाट्याने हँडल परत दिलं.

सोमवार, कुळगाव

आदल्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सौभाग्यवतींनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला, लिंबू चाकाखाली ठेवलं आणि माझ्या कानात विचारलं, "झाली ना आपली?" मी म्हटलं, "अजून नाही." त्यांनी ओट्यावर बसलेल्या दादांकडे पाहिलं आणि लगेच त्यांच्या ताटात शिरा वाढायला गेल्या. तशा त्या हुशार आहेत.

सकाळी साहेब आले. बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी, हातात कागदांची फाईल. दादा ओट्यावर पोहे खात होते. हँडल मांडीवर. साहेबांनी गाडीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, नाकाजवळ वाकून वास घेतला.

"याला शेणाचा वास येतोय," ते म्हणाले.

"कामावरची गाडी आहे साहेब," मी म्हटलं.

त्यांनी फाईल उघडली, लेखणी काढली. "हे वाहन तुमचं स्वतःचं आहे?"

झालं. कागद पाहिले तर माझ्या नावावर होतेच. हो म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. पण दादा तिथे बसले होते आणि मी त्यांना शब्द दिला होता. माझ्या तोंडून होही निघेना आणि नाहीही निघेना. सौभाग्यवती दारात उभ्या. साहेबांची लेखणी कागदावर टेकलेली.

दादांनी बशी खाली ठेवली. तोंड पुसलं. उठून माझ्यापाशी आले आणि हँडल माझ्या हातात दिलं. दिलं म्हणजे, माझी बोटं त्याच्याभोवती स्वतःच्या हाताने मिटवली.

"इनकी है, साहब," ते म्हणाले. मग मला हळूच म्हणाले, "कोटरी में मेरा पूरा मोहल्ला इसको सलाम करता था. पर रस्सी से किसी ने नहीं बाँधा. अब तुम्हारे गाँव ने इसको अपनी भैंस समझ के बाँध लिया, तो मैं कौन होता हूँ खोलने वाला?"

साहेबांनी 'होय' लिहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. गाडी तिसऱ्या फिरवणीला सुरू झाली. जागा दोनच, म्हणून साहेब शेजारी बसले आणि दादा ओट्यावरच राहिले. बेलवली केली, मांजर्ली केली, पलीकडच्या दोन वाड्या केल्या. साहेबांची टोपी पहिल्याच वळणावर उडाली, तेव्हा मी ती त्यांच्या मांडीखाली दाबायला सांगितली. मांजर्लीला मी भोंगा वाजवला आणि आजूबाजूच्या घरांतून लोक गुरं सोडून बाहेर घेऊन आले, रांगेने. ठकूबाई चांदणीला घेऊन सगळ्यांत पुढे. तिने साहेबांना बजावलं, "डाक्तरला नेऊ नका हां. आमी गारी बरी केलीय त्यांची." साहेबांनी फाईल मिटली. ठाण्याचं ते टेबल कुणाला मिळालं, मी चौकशी केलेली नाही.

परत आलो तर दादा आगगाडीने निघून गेले होते. सौभाग्यवतींजवळ निरोप ठेवला होता. पुढच्या रविवारी दादींना नदीवर आणायचं आहे, पण बघू, त्या येतील की नाही.

रविवारी मी उल्हासनगरला गेलो. जागा दोनच, म्हणून दादा सकाळच्या आगगाडीने पुढे बदलापूरला गेलेले. दादी बराकीच्या दारात हातात तांदूळ-साखरेचं भांडं घेऊन उभ्या होत्या. पडवी रिकामी. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग पडवीकडे. मी हातब्रेक ओढून बसून राहिलो. घाबरलेल्या जनावराला ओढायचं नसतं, तेवढं मला कळतं. जरा वेळाने त्या स्वतःच आल्या, पाठ करून बूड टेकलं आणि पाय आत घेतले. दादांना बसताना इतक्या वेळा पाहिलेलं, युक्ती पाठच होती.

अंबरनाथ गेलं, गवताच्या गाठी गेल्या, बदलापूर आलं. मांजर्लीच्या चाकोऱ्या लागल्या आणि गाडी मागे-पुढे, मागे-पुढे डोलायला लागली. मी म्हटलं, "सांभाळा हां, रस्ता वाईट आहे. हळू घेऊ का?"

"नहीं, चलने दो," दादी म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि भांडं छातीशी धरलं होतं. "ऐसे ही झूलता था मेरा हिंदोरा."